अर्लीनबाईंच्या कार्डावरची जागा

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याला मी शहाणा म्हणणार नाही. पण आपल्या गल्लीतला ऑर्व्हिल या वसंतात सलग एकोणीस दिवस मेलेला होता, आणि तेवढ्या काळात त्याचं वजन नऊ पौंडांनी वाढलं. हार्लन, तू दाढी कर बाबा, फक्त हात स्थिर ठेव. ऐकताना न्हाव्यांचे हात हलतात.

ऑर्व्हिल मेला तो जळून. आगीत नव्हे, शेजारच्या डेलबर्टच्या नव्या बोटीवर. लाल रंगाची मासेमारीची बोट डेलबर्टने नेमकी ऑर्व्हिलच्या खिडकीसमोर आणून लावली होती. सकाळी पडदा सरकवला की बोट, रात्री ओढताना बोट. शेवटी ऑर्व्हिल बोटवाल्याकडे गेला. त्यांनी त्याचा क्रेडिट स्कोअर काढला, सहाशे अठरा. कर्जाला सातशे चाळीस लागतो म्हणाले, आणि कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावलं.

तो तडक डेलबर्टच्या कुंपणाशी.

"तुझा स्कोअर किती रे?"

"सातशे एक्कावन्न."

"जन्मात एक बिल वेळेवर भरलं नाहीस तू."

"मी कशाला भरू? बाईंनी भरलीत ना."

बाई म्हणजे मिस अर्लीन, वय चौऱ्याण्णव. चर्चच्या रविवारच्या शाळेत या दोघांना त्यांनीच शिकवलं. त्यांचं क्रेडिट कार्ड एकोणीसशे एकोणसत्तर सालचं, आणि एवढ्या वर्षांत एक हप्ता एक दिवस उशिरा गेलेला नाही. त्या कार्डावर जोडीला ज्याचं नाव लागेल, त्याच्या खात्यात बाईंचं सगळं पुण्य आपोआप जमा. कार्ड हातात मिळत नसे, ते बटणांच्या डब्यात राही. पण आयत्या बिळावरच्या नागोबाला आणखी काय हवं?

ऑर्व्हिल टोपी काढून बाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, मी ऑर्व्हिल."

"ओळखलं. माझ्या पर्समध्ये बेडूक सोडलास तो."

"पन्नास वर्षं झाली, बाई."

"पर्स अजून तीच आहे."

तीन शनिवार त्याने बाईंचं गवत कापलं आणि तेविसावं स्तोत्र न अडखळता म्हणून दाखवलं. चौथ्या शनिवारी बाईंनी बँकेला फोन लावला. दीड महिन्यात ऑर्व्हिल सातशे चव्वेचाळीसवर.

त्याच दिवशी बोट आणली असती तर गोष्ट संपली असती. पण डेलबर्ट अजून सात आकड्यांनी वर होता ना. ते सात आकडे ऑर्व्हिलच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले. म्हणून तो गेला कुठे, तर आपल्या घटस्फोटित बायकोच्या, वाँडाच्या, नव्या नवऱ्याकडे.

"रॉस्को, तू माझी बायको नेलीस. मी एका शब्दाने बोललो का?"

"तू तर मेजवानी दिली होतीस."

"म्हणजे मन बघ किती मोठं माझं. आता तू तुझ्या कार्डावर माझं नाव घाल."

आतून वाँडा म्हणाली, "स्वतःची पत सांभाळता आली नाही, आता माझ्या पतीची पाहिजे काय?"

रॉस्कोने नाव घातलं, नाहीतर हा जेवायला थांबला असता. पण वाँडाने नुकतंच नवीन स्वयंपाकघर करून घेतलं होतं, आणि ते कार्ड उधारीने काठोकाठ भरलेलं होतं. तो भार ऑर्व्हिलच्याही डोक्यावर आला. आकडा सातशे एकोणचाळीस. एका आकड्याने बोट हुकली.

रॉस्कोच्या हातापाया पडून त्याने नाव काढून घेतलं, पण डोक्यात एकच घोळत होतं: मी वर जाऊ शकत नाही, तर डेलबर्टने खाली यावं. तो बाईंकडे गेला आणि अगदी दुःखी आवाजात म्हणाला, "बाई, चुगली करायचा माझा स्वभाव नाही. पण डेलबर्ट रविवारी चर्चमध्ये नसतो, तळ्यावर असतो. बोटीत."

बाईंनी चष्मा लावला, बँकेला फोन केला आणि डेलबर्टचं नाव उडवलं. डेलबर्ट सहाशे दोनवर आला. ऑर्व्हिल परत सातशे चव्वेचाळीसवर गेला आणि त्या कार्डावर एकटाच उरला.

आठवड्याने बाई झोपेतच गेल्या. पुतण्याने बँकेला कळवलं. आता बँकेचं यंत्र. त्याने कार्डावरची माणसं बघितली आणि सरसकट सगळ्यांना स्वर्गात पाठवलं.

बोटवाल्यांकडची मुलगी संगणकाच्या पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "साहेब, तुम्ही अकरा तारखेला वारलात."

"अगं, मी इथे उभा आहे."

"मला दिसताय हो. यंत्राला दिसत नाही."

त्याने बँकेला फोन केला. तिकडचा माणूस फार नम्र. "मृत व्यक्तीशी आम्हाला बोलता येत नाही. फोन वारसाकडे द्या."

"वारस कुणी नाही."

"मग आमच्या सहवेदना."

ही बातमी डेलबर्टने गावभर केली, मोठ्या आनंदाने. संध्याकाळपासून, मयताच्या घरी जेवण पोचवायचं म्हणून, चर्चच्या बायका बटाट्याची, कोंबडीची, चीज घातलेली भांडी घेऊन दारात. ऑर्व्हिलने दार उघडलं की त्या म्हणत, "आता आणलंच आहे तर ठेव." एकोणीस दिवसांत एकतीस भांडी.

शेवटच्या दिवशी, म्हणजे बँकेने ऑर्व्हिलला परत जिवंत केलं त्या दिवशी, डेलबर्ट स्वतः आला. व्हरांड्यात बसला, ओळीने लावलेली भांडी मोजली आणि त्याचं तोंड उतरलं.

"तुझ्यासाठी एवढं?"

"लोकांचं प्रेम आहे, बाबा."

"माझं नाव राहू दिलं असतंस," डेलबर्ट घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तर मीही मेलो असतो."

हार्लन, अरे, वस्तरा का थांबवलास?

"डेलबर्टकाका, अर्लीनबाई काल दुपारी इथे होत्या. पुतण्याचे केस कापून घ्यायला आल्या होत्या, मला पाव डॉलर बक्षीसही दिलं. त्या म्हणाल्या, मागच्या आठवड्यात कार्डावरून तुमचं नाव काढलं आणि ऑर्व्हिलचं घातलं. तेवढ्यासाठी बाईंना मारलंत?"