आप्पा ढील देत नाहीत

आप्पांच्या हातात दोर असला की कातळ चढायला कष्ट पडत नसत. उतरणंच अवघड होई. मी पहिल्यांदा चढायला गेलो तेव्हा दोन पावलांनंतर मी चढतच नव्हतो, माथ्यावरच्या कडीतून ओवलेल्या दोरानं खालून आप्पा मला विहिरीतल्या बादलीसारखं वर ओढत होते.

"आप्पा, ढील द्या!" मी ओरडलो.

"ढील दिली की म्हस पळतीया आन पोरगं बिघडतंया," खालून उत्तर आलं. "तुमी काय पडत न्हाईसा सायेब. मी हाय की!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आप्पा म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतले दूधवाले. पन्हाळ्याच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत तीन मजली घराएवढा एक कातळ आहे. गल्लीतली कॉलेजची पोरंपोरी रविवारी तिथं चढाईला जात, आणि हौस म्हणून मीही. त्यांत आप्पांची सुजाता सगळ्यांत तरबेज. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. पोरीवर लक्ष ठेवायला म्हणून आप्पा एकदा आले आणि कायमचे दोरवाले होऊन बसले. दोराला ते दावंच म्हणत आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. पोरांनी शिकून घेतलेली गाठ त्यांनी एकदा पाहिली, "हिला आमची रेडी बी सोडवंल," म्हणाले आणि वरून स्वतःची एक मारली. ती सोडवताना दोघांची नखं गेली.

मग सुजाताला हिमालयातल्या महिनाभराच्या शिबिरात जागा मिळाली. आप्पा हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. विषय निघाला की त्यांना नेमकी म्हशींची पेंड आठवे. पोरगी रडकुंडीला आली होती.

एका रविवारी ती वर पोचली आणि माथ्यावर बसूनच राहिली.

"आप्पा, जाऊ का नको, सांगा. त्याबिगर मी खाली येत न्हाय!"

"सुजे, धारंची येळ झाली! म्हशी वरडत असतील!"

"वरडू देत!"

आप्पा भडकले. "मग जा की! तुला काय बांधून ठेवलंय व्हय मी?"

आम्ही सगळे फिस्सकन हसलो. तिच्या कमरेपासून, वरच्या कडीतून, आप्पांच्या मुठीपर्यंत दोर नुसता ताणलेला होता. आप्पांनी आमच्याकडे पाहिलं, मग आपल्या मुठींकडे. आमचं हसू तोंडातच राहिलं. त्यांनी मुठी सैल केल्या.

"जा," ते म्हणाले. इतक्या हळू, की ते वर आम्हालाच ओरडून सांगावं लागलं.

सुजाता शिबिराला गेली. पुढच्या रविवारी आप्पा आले, पण दोराकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला म्हणाले, "सायेब, मागनं शेरडांची वाट हाय न्हवं? चला."

माझा दंड गच्च धरून ते वर आले. इतकी वर्षं आम्हाला धीर देणारा हा माणूस उंचीला घाबरतो, हे मला तेव्हा कळलं. माथ्यावर ते डोळे मिटूनच बसले. मग हळूच उघडले. खाली उसाची रानं होती, त्यांतून कोडोलीकडे जाणारा रस्ता.

"वारं लई ग्वाड हाय की वो हितं."

त्यांनी माझा दंड सोडला.

"म्हून बसायची व्हय पोरगी. आन मी आपला खालनं वरडायचो, उतर, उतर. वर काय दिसतंय म्हून कवा इचारलंच न्हाय तिला."

मला फार वाईट वाटलं. ऊन कलायला लागलं होतं, पण आता उतरू या म्हणायला माझी जीभ रेटेना.