काश्मीरची घागर

तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी तोंडात थेंब घेत नाही. त्यामुळे दुष्काळातसुद्धा टँकरच्या रांगेत घागर पुढं कशी लागते, ते माझ्याकडून शिकावं. निदान त्या सकाळपर्यंत माझा तसा समज होता.

आमच्याकडं रांगेत माणसं उभी राहत नाहीत, घागरी राहतात. जिथं घागर, तिथं नंबर. एकदा ठेवलेली घागर उचलली की नंबर गेला.

दूध सोसायटीच्या चेअरमनचा, आप्पारावांचा, भाचा सुग्रीव हे विसरला. मुंबईला कला शिकलेला ना! बायकांच्या रिकाम्या घागरी मागून आणून त्यानं सोसायटीच्या पटांगणात भारताचा नकाशा मांडला. देश बाहेरून भरलेला, आतून रिकामा, असा काहीतरी थोर अर्थ होता. तो समजून घ्यायला मुंबईहून पाहुणे येणार होते.

माझी घागर काश्मीरला बसली. चेअरमनीणबाईंची, अर्थातच, दिल्लीला. शेजारच्या विमलबाईची पार कन्याकुमारीला.

"मला शेपटाला काहून ठिवलं रं?" ती सुग्रीववर खेकसली.

"असू दे गं, देवाची इच्छा," मी हळूच म्हणाले. मी सगळ्यांच्या डोक्यावर होते, मला समजूत घालायला काय जातंय?

पाहुण्यांच्या आधी केजहून टँकर आला. मांडलेल्या घागरी बघून टँकरवाल्या पाशाभाईंनी पाईप सोडला. टँकर फाटकातून आत येईना, आणि फाटक होतं कन्याकुमारीला.

सुग्रीव धावला. "अहो, भरू नका! रिकामेपणा हाच विषय आहे."

"रिकामं तर आमच्या घरी बी हाय," विमलबाई म्हणाली. "तिकडं ने की पावण्याला."

तामिळनाडू भरलं, केरळ भरलं. जिची भरली ती आपलं राज्य डोक्यावर घेऊन घरी. नागपूरपाशी पाईप खोकला.

"बादलीभर उरलंय बघा," पाशाभाई म्हणाले.

"दिल्लीत ओता," चेअरमन म्हणाले.

मग उरलेल्या देशानं चिडून रिकाम्या घागरी उचलल्या आणि तोही गेला. मी तेवढी थांबले. दुसरी खेप आली तर नंबर कशाला घालवा?

खेप आली नाही, पाहुणे आले. मोकळ्या पटांगणात माझी एकटी घागर बघून त्यांचे डोळे पाणावले. गावात त्या दिवशी आलेलं तेवढंच जादा पाणी.

"देश निघून गेला, प्रश्न तेवढा उरला. वा!"

"हेच तर दाखवायचं होतं," सुग्रीव म्हणाला, आणि घागर प्रदर्शनासाठी त्यांच्या गाडीत चढली.

"बाळा, परत कधी मिळंल?" मी विचारलं.

"मावशी, ती आता देशाची आहे."

उन्हं कलली, घसा वाळला. शेवटी विमलबाई तांब्या घेऊन आली. "कन्याकुमारीचं हाय काकू, चालतंय का तुळशीला?"

चाललं. मलाही चाललं.

आता रांगेत मी तांब्याच ठेवते. पाशाभाई दर खेपेला मोठ्या अदबीनं तो बाजूला करतात. "माँजी, तांब्याला नंबर न्हाई."