शेपूट असलेली आजी

भिंतीवरची चौकट नऊ महिने रिकामी होती. काच होती, सोनेरी पट्टी होती, आत मात्र कोरा पांढरा पुठ्ठा. एकदा विम्याच्या एजंटाने "हे कोण?" असं विचारलं, तेव्हा मुलाने मान खाली घालून "आई" असं उत्तर दिलं होतं. एजंट चहा न पिताच गेला.

दोष पेंटरचा होता. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या ह्या माणसाला सगळी गल्ली पेंटर म्हणूनच ओळखायची. बायको गेली आणि ध्यानात आलं, की घरात तिचा धड एक फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात पळायची. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेले, सहलीच्या फोटोत नुसती पाठ, आणि ओळखपत्रावरचा फोटो बघून ती स्वतःच म्हणाली होती, "ह्या बाईला आधी अटक करा."

"बाबा, मग तुम्हीच काढा ना," मुलगा म्हणाला.

"त्यात काय!" असं म्हणून पेंटर अकरा वेळा बसला आणि अकराही वेळा साबणाच्या जाहिरातीतली बाई उमटली. गुलाबी गाल, रेशमी केस, पांढरेशुभ्र दात. शेवटी त्याने ब्रश धुऊन ठेवले. आपल्याला तिचा चेहराच आठवेनासा झालाय, ह्या भीतीने तो आतून पार खचला होता. घरात मात्र त्याने हात दुखतो म्हणून सांगितलं.

तळमजल्यावरच्या खोलीत सुनेची बालवाडी भरायची. त्या दिवशी दुपारी पालक येणार होते. कोणाची बोटांची पकड सुधारली, कोण रेषेच्या आत राहतं, कोण एक चित्र पुरं होईपर्यंत जागेवर बसतं, हे सगळं त्यांना मुलांच्या रंगकामातून दाखवायचं होतं. त्यासाठी कार्टूनची चित्रं छापायला सून सकाळी बसली आणि नेमका प्रिंटर रुसला.

ती धावतपळत वर आली. "बाबा, एक कार्टून काढून द्या पटकन. उंदीर चालेल. मी बावीस झेरॉक्स मारते."

"हात दुखतोय गं."

"उंदराला कसला हात दुखतो? जाड रेषा काढा. आकार बंद ठेवा, नाहीतर पोरांचा रंग बाहेर पळतो. आणि कपड्यांना बटणं घाला. बारीक बटणं रंगवली की बोटांना वळण लागतं."

पेंटरने मार्कर उचलला. गॅसवर दूध ठेवलेलं होतं, त्यामुळे अर्धं लक्ष तिकडे. दहा मिनिटांत उंदीर तयार झाला आणि दूध उतू गेलं. सुनेने एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्या हाताने कागद ओढला आणि न बघताच जिना उतरली.

वर्गात कागद वाटून झाले आणि पहिल्याच बाकावरून आवाज आला, "बाई, नाडीआजी!"

पेंटरची बायको रोज सकाळी बालवाडीच्या दारात बसून पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधायची, म्हणून ती नाडीआजी. सुनेने आता कुठे कागद नीट बघितला. कपाळावर सरकवलेला चष्मा. स्वेटरचं वरचं बटण चुकीच्या काजात. हात कमरेवर, भुवया वर, ओठ आवळलेले. फक्त कान मोठे होते आणि मागे शेपूट होतं.

"हा उंदीर आहे," ती घाईघाईने म्हणाली.

वर्गात दोन तट पडले. उंदीरवाले शेपूट रंगवू लागले आणि आजीवाले ते खोडू लागले. एकाने दुसऱ्याच्या कागदावरचं शेपूट खोडलं, दुसऱ्याने त्याच्या आजीला हिरवी मिशी काढली. बोटांची पकड चांगलीच सुधारलेली आहे हे त्या मारामारीत सिद्ध झालं. पालक आले तेव्हा निम्मा वर्ग भोकाड पसरून बसला होता.

वरच्या मजल्यावरच्या काकू नातवाला न्यायला आल्या आणि कागद बघून दारातच थबकल्या. "काय गं हे? सासूला उंदीर केलंस? अजून वर्षसुद्धा झालं नाही!"

"काकू, मी नाही हो काढलं..."

"आणि वर जांभळी रंगवून घेतेस पोरांकडून!"

काकूंनी फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो दुसऱ्या गावच्या मावशीकडे गेला. मावशीने भाच्याला ऑफिसात फोन लावला आणि रडत रडत एवढंच सांगितलं, की तुझ्या बायकोने माझ्या बहिणीला शेपूट लावलंय. मुलगा तसाच निघाला. घामाघूम होऊन तो वर्गात शिरला, तेव्हा सून भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

"आई तुला एवढी जड झाली होती?" तो ओरडला.

"ओरडू नकोस तिच्यावर. ते मी काढलंय."

पेंटर दारात उभा होता. आरडाओरडा ऐकून तो खाली आला होता. त्याने एक कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला आणि मग तिथल्याच इवल्याशा खुर्चीवर मटकन बसला. ती होती. दूध उतू चाललंय आणि हा बसून राहिलाय म्हणून चिडलेली, अगदी तीच. अकरा वेळा बोलावून आली नाही आणि आज न बोलावता आली होती. सगळ्यांसमोर म्हातारा ओक्साबोक्शी रडला. मुलगा त्याच्यामागे येऊन उभा राहिला.

तेवढ्यात वर्गातली पाच वर्षांची ठकी खडू घेऊन पुढे आली.

"पेंटरआजोबा, तुमचं चुकलंय. मी दुरुस्त केलं."

तिने शेपूट खोडलं होतं, चेहरा जांभळा रंगवला होता आणि आवळलेल्या ओठांवर लाल खडूने या कानापासून त्या कानापर्यंत हसू काढलं होतं. वेडंवाकडं, हलत गेलेलं.

"अशी कुठे हसायची ती?" पेंटर म्हणाला.

"रोज हसायची. नाडी बांधताना तुमची नक्कल करायची." ठकीने खडू दातात धरला, डोळे बारीक केले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हसू नकोस गं, रेघ हलते!"

पोरं खिदळली. पेंटर मात्र दगडासारखा बसून राहिला. हे वाक्य त्याचंच होतं. पाटी रंगवताना ती मागे हसली की तो असाच खेकसायचा, चाळीस वर्षं. ती वर घरात हसायची कधी थांबली, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. आपलं हसू घेऊन ती रोज सकाळी जिना उतरून खाली येत होती आणि त्याच्या वाट्याला आवळलेले ओठ ठेवून जात होती.

ठकीचा कागद त्याने मागून घेतला. संध्याकाळी मुलाने पांढरा पुठ्ठा काढून तो चौकटीत बसवला, दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "बाबा, ओठांची रेघ फारच हललीय. तेवढी सरळ करता?"

सुनेने मार्कर पुढे केला. पेंटरने तो घेतला, टोपण लावलं आणि खिशात ठेवला.

"नको. हलू दे," तो म्हणाला. "हसतेय ती."