कपाट, किल्ला आणि दाजींचा हुकूम

साडेअकराच्या ठोक्याला घर रिकामं झालेलं असेल, असं दाजींनी शनिवारी सकाळी नऊ वाजता जाहीर केलं. "लोक घर बदलायला दोन दिवस लावतात, कारण त्यांच्याकडे योजना नसते!"

योजना भिंतीवर चिकटवलेली होती. दाजी पार्सल कंपनीच्या गोदामात कुठली गाडी कुठल्या रस्त्याने जाणार ते ठरवत. घरी आल्यावर ते ऑनलाइन खेळात सैन्य हलवत. तिथे ते व्यूहरचनाकार आणि त्यांचा मेहुणा बिनीचा लढवय्या. दोघे जपानी कार्टून मालिका एकत्र बघत. मालिकेतला लढवय्या सेनापतीपुढे गुडघा टेकून "आज्ञा!" म्हणाला की दाजी तेवढा प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघायचे.

दोघांचा एक नियम होता. लढाईत फक्त दाजींनी बोलायचं. मेहुण्याने कानाजवळच्या माइकवर नखाने एकदा टकटक करायची, म्हणजे हुकूम पोचला. चर्चेत वेळ जातो आणि वेळ गेला की किल्ला जातो, असं दाजींचं मत होतं.

भिंतीवरच्या कागदावर लाल शाईने एक ओळ होती : 'अकरा वाजता मेहुणा मोकळा.' बारा वाजता त्याची पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममधल्या नोकरीसाठी मुलाखत होती. आठ महिन्यांतली ही पहिलीच.

"अकरा म्हणजे अकरा," ताईने नवऱ्याला बजावलं. "माझ्या भावाची ही संधी गेली ना, तर नव्या घरात तुम्ही एकटेच राहायला जा!"

"अगं, मी माझ्या माणसाला कधी वाऱ्यावर सोडलंय?"

दहा वाजता तीन दारांचं लाकडी कपाट निघालं. दाजी रस्त्यावरून फोनवर हुकूम देत होते. वर मेहुणा, खालच्या बाजूला दोन हमाल. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. जिना मोजला होता, कपाट मोजलं होतं. वळणावरचा कठडा मात्र मोजला नव्हता.

इतक्यात ट्रकवाला दाजींना ओरडून म्हणाला, "साहेब, पोलीस गाडी हलवा म्हणतायत! भरलंय तेवढं टाकून येऊ या!"

दाजींनी क्षणात निर्णय घेतला. हमाल ट्रकवर चढतील. मेहुणा कपाट खांद्यावर तोलून धरेल. "मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. कुणाला जाऊ द्यायचं नाही, धक्का लागला तर दारावरचा आरसा फुटेल. कळलं?"

टक.

नव्या घरी पोचेपर्यंत दाजींच्या फोनची बॅटरी संपली. चार्जर पहिल्या खोक्यात होता आणि त्याच्यावर बाकीची एकोणीस खोकी रचलेली होती. ट्रकवाला दुसरं भाडं आलं म्हणून निघून गेला. दाजी हमालांना घेऊन चालत परतले, तेव्हा अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

जिन्यात सभा भरलेली होती! कपाटाच्या वर तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातात हेल्मेट घेऊन उभे होते. खाली ताई. मध्ये, खांद्यावर कपाट घेऊन, घामाने निथळणारा मेहुणा.

"हा तुमचा माणूस?" डॉक्टर कडाडले. "तासभर विनवतोय! कपाट टेकव, मला जाऊ दे! म्हणतो, दाजींचा हुकूम नाही! माझा पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसलाय!"

"मीही सांगून दमले," ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, त्यामुळे दाजींना जास्त भीती वाटली. "सख्ख्या बहिणीचं ऐकत नाही तो. साडेअकरा होत आले. बघा आता."

"पोरा, हे फिरणार कसं?" दाजींनी विचारलं. मेहुण्याशी बोलताना हुकूम नसलेली ही त्यांची पहिलीच ओळ.

"पाय स्क्रूचे आहेत, दाजी. काढले की चार बोटं कमी होतात. आरामात फिरेल."

"हे तुला कधी सुचलं?"

"सकाळी. तुम्ही टेपने मोजत होतात तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हमालांनी पाय काढायला घेतले. दाजी पायरीवर बसले. एक जुनी शंका त्यांना टोचायला लागली. "गेल्या महिन्यात खेळात नदीकाठचा किल्ला गेला. तेव्हा पूल कच्चा आहे हे...?"

"दिसत होतं."

"तरी तू गेलास?"

"तुम्ही जा म्हणालात."

दाजींनी बोटांवर हिशेब केला. गेल्या तीन वर्षांत मेहुण्याला त्यांनी अडीचशे वेळा तरी मरायला धाडलं असेल. प्रत्येक वेळी तो डोळे उघडे ठेवून गेला होता.

कपाट फिरलं. डॉक्टर उड्या मारत उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. "कुठे आहे मुलाखत? चल, बस मागे. इतकं निष्ठावान जनावर मी आयुष्यात पाहिलं नाही!"

मेहुणा हलला नाही. दाजींकडे बघत राहिला.

"अरे जा!" दाजी ओरडले.

चार वाजता तो नव्या घरी आला. उजवा खांदा अजून तिरका होता. ताई दारातच उभी. "काय झालं?"

"एकच अवघड प्रश्न होता. वरिष्ठांनी चुकीचा हुकूम दिला तर काय कराल?"

दाजी एकोणिसाव्या खोक्यामागून हळूच वर आले. "तू काय म्हणालास?"

"तिथल्या तिथे तोंडावर सांगेन, म्हणालो. शहराचं पाणी आहे, चूक चालणार नाही. सोमवारपासून या म्हणाले."

ताईने डोळ्यांना पदर लावला. दाजींनी त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास. आजपासून मलाही तसंच सांगत जा. तोंडावर."

मेहुण्याने दुखरा खांदा चोळला.

"नाही जमणार, दाजी. तिथले साहेब तीन वर्षांत बदलून जातात. तुमच्याबरोबर मला जन्म काढायचाय."