माशाच्या बशीतले सोनेरी ठिपके

माशांच्या रोगांची ती प्रयोगशाळा जेमतेम दोन खोल्यांची. पण तिथल्या बाईंचा रुबाब दोन मजल्यांचा. बावीस वर्षांत आपलं निदान एकदाही चुकलं नाही, हे त्या कुणाही नव्या माणसाला स्वतःच्या नावाआधी सांगत.

त्यामुळे तीन तळ्यांची मालकीण बादलीत आजारी मासे घेऊन आली, तेव्हा बाईंनी एकदाच डोकावून पाहिलं. पोटावर लाल चट्टे, खवले उभे राहिलेले, डोळे बाहेर आलेले.

"रोज किती मरतात?"

"काल चाळीस. वाचतील ना, बाई?"

"परवा सकाळी जंतूचं नाव हातात ठेवते. मग औषध. काळजी सोडा."

बाईंनी मासा चिरला. तार ज्योतीत लाल केली, माशाच्या मूत्रपिंडाला टेकवली आणि काचेच्या बशीतल्या खळीवर रेघा ओढल्या. जंतू असले तर या खळीवर वाढतात. तेवढ्यात प्रयोगशाळेचे साहेब आले. त्यांना चार दिवसांची सर्दी होती आणि कुतूहल जन्मापासूनचं.

"जवळून दाखवा बघू," असं म्हणत त्यांनी उघड्या बशीवर मान वाकवली आणि पाच मिनिटं शंका विचारल्या. साहेबांना 'लांब व्हा' कोण म्हणणार? बशी उबेच्या पेटीत गेली.

तिसऱ्या दिवशी तिच्यात सोनेरी ठिपके उगवले होते. बाईंनी त्यातला कण काचेवर पसरून रंगवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो तिथेच राहिला. अशा रोगात दिसायला हव्यात गुलाबी काड्या. इथे जांभळे गोल दाणे, द्राक्षाच्या घोसासारखे.

"माशात असलं कधी पाहिलं नाही," त्या पुटपुटल्या.

साहेबांनी नेमकं तेवढंच ऐकलं. अर्ध्या तासात मुख्य कार्यालयाला फोन गेला: नवा रोग सापडला. दुपारी उलट फोन आला: चार दिवसांत तिन्ही तळ्यांतले मासे काढून चुन्यात पुरा.

जंतूचं नाव ऐकायला आलेली तळेवाली बाकावर बसली. रडली नाही, भांडली नाही. "सगळेच?" एवढंच विचारलं. बाईंना ते भांडणापेक्षा जड गेलं.

त्या परत टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्या दिवशीची एकेक हालचाल पुन्हा करून पाहिली. मासा चिरला. तार तापवली. आणि मग? तार गार व्हायला थांबले का मी? नाही थांबले. लाल तार तशीच टेकवली, माशातले जंतू जागच्या जागी भाजून काढले. म्हणजे बशी कोरीच होती. मग हे सोनेरी पाहुणे आले कुठून? पलीकडच्या खोलीत साहेब शिंकले.

बाईंनी तळेवालीला ताजा मासा आणायला पिटाळलं आणि साहेबांच्या दारात कापसाची काडी घेऊन उभ्या राहिल्या.

"सर, नमुना हवाय."

"कशाचा?"

"नाकाचा."

साहेबांनी रुमाल नाकावर धरला. मग बाईंनी तारेसकट सगळं सांगून टाकलं. बावीस वर्षांचा रुबाब दोन वाक्यांत संपला. साहेबांनी निमूट मान वर केली.

दोन दिवसांनी दोन बशा शेजारी ठेवल्या. ताज्या माशाच्या बशीतला कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गुलाबी काड्या, या रोगाचा नेहमीचा जंतू. साहेबांच्या बशीत सोनेरी ठिपके, अगदी हुबेहूब. चुन्याचा हुकूम त्याच दिवशी मागे घेतला गेला. तळ्याचं पाणी बदललं, मासे विरळ केले, खाद्यातून औषध सुरू झालं. आठवड्याने तळेवालीचा फोन आला. "आज एकही नाही मेला," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू फुटलं.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण मुख्य कार्यालयात नव्या रोगाची नोंद उघडली होती, आणि उघडलेली नोंद फॉर्म भरल्याशिवाय बंद होत नाही. जंतू ज्या प्राण्यात सापडला त्याची माहिती हवी होती. साहेबांनी कागद बाईंपुढे सरकवला. "तुम्हीच भरा."

बाईंनी पेन उघडलं. "वय?"

"चोपन्न."

"वजन, सर?"

साहेबांनी पोट आत घेतलं. "शहाऐंशी."

"आहार?" बाईंनी छापील पर्याय वाचले. "शाकाहारी, मांसाहारी की सर्वभक्षी?"

"सर्वभक्षी," साहेब म्हणाले आणि नाक पुसत आत निघून गेले.