बुटातली किल्ली

बुटांच्या दुकानातल्या गोदामाची किल्ली सकाळी हरवली आणि दुपारपर्यंत तिथल्या माणसांचा एकमेकांवरचा विश्वासही तिच्या मागोमाग गेला. मालकांनी खोक्यान्‌खोकं उपडं केलं, सगळ्यांना खिसे उलटे करायला लावले. सगळ्यात जुने सेल्समन, ज्यांना मालकांसकट सगळे काका म्हणत, ते दिवसभर स्टुलाखाली रांगून किल्ली शोधत होते. संध्याकाळी कुलूप तोडावं लागलं. गोदामात शेवटची गेली होती एवढ्याच कारणावरून नव्याने लागलेल्या मुलीला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं गेलं. तिने पर्स उघडून पुन्हा एकदा दाखवली आणि निघून गेली.

घरी काकांनी बूट काढला तेव्हा किल्ली खण्णकन फरशीवर पडली. सकाळी शिडीवर चढण्याआधी त्यांनी बूट काढून ठेवले होते. वरच्या फळीवरून ती तेव्हाच नेमकी बुटात पडली असणार.

काकूंनी किल्लीकडे पाहिलं, मग मोज्याकडे. मोजा रक्ताने तळव्याला चिकटला होता.

"हे घालून दिवसभर हिंडलात?"

"काही वाटलंच नाही गं."

मग सगळं सांगणं भाग पडलं. वर्षभर पायांना मुंग्या यायच्या, झोपताना आग व्हायची. हळूहळू सगळंच थांबलं. आपोआप बरं झालं म्हणून काका मनातून खूश होते. काकू एका शब्दानेही रागावल्या नाहीत, आणि काकांना त्याचीच जास्त धास्ती वाटली.

सकाळी त्या त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. काकांची साखर त्याच बघायच्या. त्यांनी जखम धुतली, घोट्यावर रबरी हातोडी मारून पाहिली, कंप जाणवतो का ते बघायला थरथरणारा धातूचा काटा अंगठ्यावर टेकवला. पायाच्या नसा दुबळ्या झाल्यात, म्हणाल्या. साखर तर आहेच, पण साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेऊन बी-बारा जीवनसत्त्वही उतरलं असावं. रक्त तपासू, कमी निघालं तर इंजेक्शनं देऊ.

"परत कळायला लागेल?" काकांनी विचारलं.

"थोडंफार. किती, ते आज नाही सांगता येणार. रोज तळवे बघायचे, आणि बूट घालण्याआधी झटकायचे."

काका तिथून थेट दुकानात गेले. पाय बधिर झालेल्या माणसाला कुणी शिडीवर चढू देणार नाही आणि शिडीवाचून त्या दुकानात काम नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी किल्ली मालकांच्या पुढ्यात ठेवली आणि झालं ते सांगितलं.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पोरीची दया आली तुम्हाला, कळतं मला. पण काका, थाप जरा पटेल अशी मारा."

काका गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि पाय उघडा करून डोळे मिटले. मालकांनी किमतीच्या चिठ्ठीचा नायलॉनचा ताठ दोरा तोडला आणि त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टोचून पाहिला. काका गप्पच.

"गप्प बसायला काय लागतं? मीही बसेन."

"बसू नका. लागलं की सांगा."

मालकांनी पुढचं स्टूल ओढलं आणि मोजा काढून इरेला पडल्यासारखे डोळे मिटून घेतले. काका कसेबसे वाकले. रस्त्यावरून एक गाडी गेली. दुकानात पंखा फिरत राहिला.

मालक वैतागले. "लावा की आता. गिऱ्हाइकं येतील."

काकांनी दोरा मुठीत घेतला. "अंगठ्याला लावला. टाचेलाही लावला, मालक."

मालकांनी डोळे उघडले. आपल्या पायाकडे ते बराच वेळ, दुसऱ्या कुणाचा पाय आपल्यापाशी राहून गेल्यासारखे बघत राहिले. मग फोन उचलून त्यांनी त्या मुलीला लावला. चूक झाली, म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले. जमलं तर लगेच ये, दुकान सांभाळायला कुणी नसणार.

फोन ठेवून त्यांनी मोजा चढवला आणि बूट घ्यायला हात लांबवला, पण तो घालायचा धीर काही होईना.

"तुमच्या डॉक्टरीणबाई," त्यांनी हळूच विचारलं, "किती वाजेपर्यंत बसतात?"