सोन्यातला दहावा वाटाणा

एकोणऐंशी वाटाणे. फेविक्विकची संपत आलेली नळी. दहा घरांची पट्टी, भरलेली नऊच. बापाची दुसरी पाळी.

विशाखा मागच्या सेमला रसायनशास्त्रात लटकली होती. आता सोन्याच्या अणूची प्रतिकृती पसंत पडली नाही, तर वर्षच गेलं. एक वाटाणा म्हणजे एक इलेक्ट्रॉन. शेवटचे अकरा भरायचा क्रम तिनं पाठ केला होता: आधी बाहेरची दोन घरांची पट्टी, मग उरलेले नऊ आतल्या दहा घरांत. सगळं चिकटवून ती समाधानानं झोपली.

सकाळी आतल्या पट्टीत दहा वाटाणे. बाहेर एकटा.

"पप्पा! ह्याला हात कुणी लावला?"

"मीच." राजकुमार चहा फुंकत म्हणाला. वाळूजच्या कारखान्यात तो बावीस वर्षं पॅकिंगला होता. "एक नग शॉर्ट होता. बाहेरचा उचलला, आत लावला."

"नग नाय तो, इलेक्ट्रॉन हाये!"

"असंना का. शॉर्ट माल गेटवरून वापस येतो, विशे."

"ते घर रिकामंच असतंय!"

"मंग केलं कशाला?"

तिनं वाटाण्याखाली सुरी घातली. वाटाणा हलला नाही, पुठ्ठा मात्र फाटायला लागला. खाली रिक्षावाला हॉर्न देत सुटला. बजाजनगर ते कॉलेज ती मनातल्या मनात बापाला शिव्या घालत गेली.

रसायनशास्त्राचे काकासाहेब सर एकेका टेबलावरची प्रतिकृती नापास करत येत होते. "नऊ, दोन. चूक. नऊ, दोन. तू पण? लई भारी!"

विशाखानं पट्टीवर तळहात ठेवला.

"हात काढ."

काढला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटानं मोजलं. "दहा, एक." पुन्हा मोजलं. "अरे, वर्गात कुणीतरी जागं होतं! घसा फोडून सांगितलं, सोनं इथं क्रम मोडतं म्हणून. का मोडतं?"

विशाखाच्या तोंडात आलं ते बापाचंच. "सर, दहाच्या खणात नऊ... माल शॉर्ट वाटतो."

"भरलेली पट्टी जास्त स्थिर. मुद्दा बरोबर, भाषा पार गोडाउनची." त्यांनी 'पास' लिहिलं.

संध्याकाळी तिनं कारखान्याच्या गेटवर जाऊन बापाला गरम भजी दिली.

त्याच दिवशी पहाटे राजकुमारनं बाहेरचा उरलेला वाटाणाही उपटायला घेतला होता, कारण दोनाच्या खणात एक म्हणजे तोही शॉर्टच, त्यापेक्षा खण पूर्ण रिकामा बरा. पण तो निघाला नाही.